एका वर्षाची राखण

मुंबईच्या मेडिकल कॉलेजचं पत्र आमच्या देवबागच्या घरी श्रावणात पोचलं. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे टपाल घाटातून एसटीने आणि पुढे मिळेल त्या वाटेने भिजत-वाळत यायचं. पत्रात लिहिलं होतं की गुण उत्तम आहेत, पण दाखल्याप्रमाणे वयाची सतरा वर्षं पूर्ण नाहीत; सबब जागा पुढल्या वर्षासाठी राखून ठेवली आहे. मी ते पत्र फाडायलाच निघाले होते. सतरा मला केव्हाच पूर्ण झाली होती.

चूक कुणाची हे शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबा परदेशी आगबोटीवर खलाशी. मी जन्मले तेव्हाही ते कुठल्याशा समुद्रात होते आणि मला शाळेत घातलं तेव्हाही. शाळेत आई घेऊन गेली. जन्मतारीख विचारल्यावर ती म्हणाली, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. साल विचारल्यावर गप्प. मास्तरांनी माझ्या काटकुळ्या हातापायांकडे बघितलं आणि अंदाजाने एक वर्ष कमी लिहून टाकलं. दुरुस्ती होण्यासारखी होती, पण कचेरीतून कागद हलेपर्यंत प्रवेश बंद होणार होते. मी आठवडाभर धुमसत होते. ते मास्तर बदली होऊन कधीच गेले होते, त्यामुळे सगळा राग आईला सोसावा लागला.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. रत्नागिरीला इंटरच्या वर्गाला शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांनी हौसेने माझ्याकडून एक अर्ज भरून घेतला होता, रशियात डॉक्टरकी शिकण्याच्या शिष्यवृत्तीचा. मी तो विसरूनही गेले होते. शिष्यवृत्ती मिळाली होती. पहिलं वर्ष भाषा शिकायची, मग सहा वर्षं वैद्यक, राहणं-जेवणं त्यांच्याकडे. दाखल्यावरचं वय त्यांना चालत होतं. गणेशचतुर्थीनंतर आठ दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा होता.

कागदावर बघितलं तर प्रश्न एका वर्षाचाच होता. पण शिकलेली मुलगी वर्षभर घरी बसली की वर्षाअखेर ती त्या घरात राहत नाही, हे मी बघितलं होतं. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेल्या दोघी अशाच 'एक वर्ष' थांबल्या होत्या. एकीचं मूल आता रांगत होतं, दुसरी शिरोड्याला नांदत होती. दोघींचं बरं चाललं होतं, तक्रार काही नव्हती, फक्त पुस्तकं माळ्यावर गेली होती. आमच्या आत्याने तर बातमी कळताच मुंबईच्या एका कारकुनाची पत्रिका धाडून दिली. मला डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचंच नव्हतं. म्हणून मला थांबायची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जायचीही.

घरात सगळं उलटं झालं. निम्मं जग बघितलेले बाबा म्हणाले, थांब. आणि मालवणच्या बाजारापलीकडे क्वचित गेलेली आई म्हणाली, "जाव दे तिका. बोलावणा इला हा, तर जाव दे." आईने इतक्या ठामपणे काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कारण विचारलं की ती तांदूळ निवडायला बसायची.

बाबा तेव्हा सुट्टीवर होते. एका दुपारी त्यांनी पेटीतून आपला लोकरी कोट काढला आणि मला घालायला लावला. त्या दमट हवेत मी पाच मिनिटांत घामाने निथळले. बाबा हसले.

"थंडीचा काय नाय गो," ते म्हणाले, "थंडी सोसता येता. पण एकदा थंयच्या बंदरात मी तापान पडललंय. बाजूक डॉक्टर उभो, बरो माणूस. पण खंय दुखता ता माका सांगूक येय ना, आणि तेका समजा ना. आमी दोघांय एकमेकाच्या तोंडाकडे बघीत रवलंव."

हे मला लागलं. आमची माणसं 'पोटात कालवता', 'अंग मोडान इला' असं सांगतात, आणि ते ऐकून औषध देणारी डॉक्टर मला व्हायचं होतं. रशियात शिकून आले तरी मी मालवणी विसरणार होते थोडीच? हे मला त्या दुपारी सुचलं असतं तर कदाचित मी गेलेही असते. पण सुचलं नाही, म्हणजे मन कुठे कललं होतं ते उघड आहे.

"मी रवतंय, बाबानू," मी म्हटलं. "पण तुमी दिवाळीआधी बोटीर जातलात. मगे वरसभर माझी राखण कोण करतलो?"

बाबांनी कोटाची घडी घातली आणि तो पेटीत ठेवला.

चतुर्थीला घर भरलं. मुंबईहून थोरले काका आले, आत्या आली, सगळी भावकी जमली. आरती झाली की आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नीट ऐकून कुणी म्हणत नाही. सवयीने तोंडातून निघतं, अर्धं लक्ष मोदकांवर असतं. दरवर्षी हा मान थोरल्या काकांचा. त्या वर्षी बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "यंदा मी घालतंय."

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या ह्या चेडवाक डाक्टर होवचा आसा, तेका येश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या वरसात तेच्यासाठी जो कोण सोयरीक घेवन येतलो, मगे तो घरचो असो नायतर भायलो, तेका अर्ध्या वाटेरसून परत तेच्या घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आत्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. काकांनी खाली मान घातली, ते हसत होते हे मला खांद्यांवरून दिसलं.

"दादा, तू माका फसवलंस," आत्या म्हणाली.

"मी खंय? व्हय तू म्हटलंस."

गणपतीसमोर दिलेला शब्द. मोडायची कुणाची छाती होती? कारकुनाची पत्रिका आत्याने स्वतःच परत मागून घेतली. पुढे मार्गशीर्षात नांदगावहून एक मंडळी चौकशीला निघाली, तर तिनेच निरोप धाडून त्यांना थोपवलं.

रशियाला नकाराचं पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं आणि लिहिताना रडले. एवढी मोठी गोष्ट पुन्हा कधी आपल्याकडे चालून येणार नाही, असं वाटत होतं. तशी ती आलीही नाही. पण मला त्याचं दुःख पुढे फारसं राहिलं नाही, कारण वर्ष सरलं आणि मुंबईचं बोलावणं आलं. एवढं साधं वाक्य लिहायला मिळावं म्हणून मी ते सगळं वर्ष जीव मुठीत धरून काढलं होतं.

निघायच्या दिवशी आई होडीपर्यंत पोचवायला आली. बाबा बोटीवर होते. माझी ट्रंक होडीत चढवून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"तुका लांब धाडूक बघी होतंय, तेचो तुका राग इललो मा?" ती म्हणाली. "माका माझोच भरवसो नाय होतो गो. तुझो बापूस बोटीर, घरात मी एकटी. तू मुंबैक रवलंस आणि माझा काय दुखला-खुपला, तर मी तुका बोलवन घेतलंय. रशियाक माझी हाक पोचाची नाय, म्हणान जा म्हणी होतंय."

मी वाकून तिच्या पाया पडले.

"आता जा," ती म्हणाली. "मी बोलवलंय तरी येव नको."

तिने एकदाही बोलावलं नाही. मधल्या वर्षांत दोनदा ती तापाने अंथरुणाला खिळली होती, हे मला डॉक्टर होऊन घरी आल्यावर शेजारणीने सांगितलं. मी भयंकर चिडले. चिडूनच तिला पडवीत बसवलं, नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि विचारलं, "आये, खंय दुखता?" ती सांगत राहिली, अगदी पहिल्या तापापासून सगळं, आणि मी ऐकत बसले.