शिट्टीमावशीची वलणी

शिट्टीमावशीने मला पहिल्यांदा तलावातून बाहेर काढलं, तेव्हा मी तलावात गेलोच नव्हतो. माझा एक पाय घाटाच्या शेवटच्या पायरीवर होता आणि दुसरा हंसाच्या आकाराच्या पॅडलबोटीत. तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. वळून पाहिलं तर नऊवारीतली, सत्तरीला टेकलेली एक काटकुळी बाई लिंबाखाली उभी होती.

"जावईबापू, पाय काढा."

"का?"

"आधी पाय काढा, मग सांगते."

मी पाय काढला. आकाश स्वच्छ होतं. घाटाजवळच्या पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. "आता सांगा," मी म्हणालो.

"आता काय सांगायचं? तुमी तर भाईर आलात," असं म्हणून ती पुढच्या बोटीकडे गेली.

ते गाव माझी सासुरवाडी. नोकरी मी तालुक्याच्या कचेरीत करतो आणि पावसाच्या नोंदी ठेवणं हे माझं काम आहे. सवयीने मी घरी दुधाचं पातेलंही मापाशिवाय गॅसवर ठेवू देत नाही, असं बायको सांगते. ते खोटं आहे. मी फक्त एकदा बोललो होतो. तर अशा माणसाला निळ्या आकाशाखाली, कारण न देता, बोटीतून उतरवलं गेलं. हे मला लागलं. सासुरवाडीत तर जास्तच लागतं.

तलावावर सहा पॅडलबोटी होत्या. त्या गावातल्या बायकांच्या बचत गटाने आणल्या होत्या आणि चालवायला गावाची एक तलाव समिती होती. मावशी गटात सगळ्यांत वयस्कर, आणि तिचे कारभारी जन्मभर याच तलावात नाव वल्हवत आले होते. म्हणून शिट्टी तिच्या गळ्यात पडली. तिचं खरं नाव रुक्मिण, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. कंपनीने बोटींना हंस म्हटलं होतं, मावशी बदकं म्हणायची. त्या बोटींवर तिचा पहिल्या दिवसापासून राग होता. "एवढी मान कशाला दिली हिला? वाऱ्याला धरायला मूठ केल्यावानी! ही नाव न्हाई, हे शीड हाय."

तलाव कधी बंद करायचा हे ती ठरवायची एका लुगड्यावरून. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अगदी उंचावर, दोन बाभळींच्या मध्ये तिने वलणी बांधली होती. रोज सकाळी एक लुगडं धुऊन ती त्या दोरीवर टाकायची आणि वरच्या कडेला दोन्ही टोकांना गाठ मारायची. खालची कड मोकळी. ती कड वाऱ्याने किती वर येते, ते ती माणसाच्या अंगावर मोजायची. "गुडघ्याला आलं की लेकरावाली माणसं उतरवायची. कमरेला आलं की बदकं बंद. खांद्याला आलं की पाण्याकडं बघायचं न्हाई, घरला जाऊन पत्र्यावर धोंडे ठिवायचे."

ही विद्या कुठून आली, असं मी एकदा विचारलं. कारभारी पलीकडच्या काठावर माणसं सोडायला जायचे, तेव्हाची गोष्ट. मावशीचं घर पाळीलगत. अंगणातल्या दोरीवरचं लुगडं फडकायला लागलं की तिला कळायचं, आज येताना वारा तोंडावर आहे, कारभाऱ्याला दोन तास उशीर होणार. मग ती तवा उतरून ठेवायची. "चाळीस वरसं त्यानं एक डाव बी गार भाकर खाल्ली न्हाई," ती म्हणाली. "उशिरा खाल्ली, पर गार न्हाई."

येणं हाच तिचा सगळा विषय होता. आमच्या तलावावर वारा बहुतेक वेळा पाळीवरून पलीकडे वाहतो. पाळीच्या आडोशाला घाट आहे, तिथे काही कळत नाही. आत पंचवीस-तीस हातांवर एक वठलेलं बाभळीचं खोड पाण्यातून डोकं काढून उभं आहे. तिथे आडोसा संपतो. "जाताना वारा मागून ढकलायलाय आन् लोकायला वाटायलंय, आपल्याच पायात लय जोर हाय," मावशी म्हणायची. म्हणून तिने नियम केला होता: प्रत्येकाने आधी त्या खोडाला वळसा घालून घाटावर परत यायचं, आणि मग पुढे जायचं. "आधी येऊन दाखवा, मग जावा." देवगाव फाट्याहून आलेलं एक नवं जोडपं या नियमावर फार चिडलं. खोडापर्यंत गेले, परत येताना नवरा लालबुंद झाला, आणि घाटाला लागल्यावर बायकोच म्हणाली, "आपण उसाचा रसच पिऊ."

लाइफ जॅकेट ती स्वतः बांधायची आणि बांधल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायची. ते कानापर्यंत आलं की सोडून पुन्हा बांधायचं. तलाव समितीचे अध्यक्ष आबा यांच्या पोटावर पट्टा पुरेना, तर तिने चारचौघांत विचारलं, "आबा, तुमाला दोन जोडून देऊ का?" आबांनी ते लक्षात ठेवलं.

मी मात्र माझा पाय लक्षात ठेवला होता. मी वारा मोजायचं एक छोटं यंत्र मागवलं, हातात धरायचं, वर भिंगरी असलेलं, आणि दर रविवारी वही घेऊन पाळीवर जायला लागलो. मी सासऱ्यांना भेटायला येतो, असं बायकोच्या माहेरी वाटत होतं. लुगडं गुडघ्याला आलं की वारा ताशी बारा किलोमीटरच्या आसपास, कमरेला आलं की एकोणीस, खांद्याला अठ्ठावीस. आठ-दहा नोंदींतच माझ्या ध्यानात आलं की लुगड्याचा आकडा माझ्या यंत्राहून फारसा हलत नाही. मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुमचं यंत्र चांगलं हाय म्हणायचं."

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण वहीत मी तिसरा खाना आखला: निकाल. मावशीने तलाव बंद केल्यावर तासाभरात वावटळ किंवा वादळ आलं, तर बरोबर. नाही आलं, तर चूक. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्यासमोर ती अडतीस वेळा शिट्टी वाजवून बसली होती. बरोबर नऊ, चूक एकोणतीस. आकडे मी दोनदा तपासले. वहीची गोष्ट मेव्हण्याने आबांना सांगितली आणि आबांनी लगेच लिंबाखाली बैठक बोलावली.

"सरकारी माणसाचा कागद हाय," आबा वही उंच धरून म्हणाले. "अडतीस बार बंद, त्यातले एकोणतीस बार उगंच. माणसं परभणीहून येऊन माघारी जायलेत. आन् वर ते लुगडं! लोकं फोटो काढतेत, मागं ह्येंचं धुणं दिसतंय."

मावशी आबांकडे वळलीच नाही. ती मला म्हणाली, "जावईबापू, त्या एकोणतीस बारीला कुणी बुडालं का?"

"नाही. बोटी बंदच होत्या."

"मग कुणी बुडालं न्हाई, ते कोणच्या खान्यात लिवलंय?"

मी वही घेऊन पाहिली. तसा खाना नव्हता. ते सगळं 'चूक'मध्ये होतं. माझ्या कोष्टकात दोष आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण मेव्हणा, सासरे, सगळी सासुरवाडी समोर बसली होती आणि आबा नुकतेच मला सरकारी माणूस म्हणाले होते. मी चष्मा पुसला.

ठराव झाला. तिकीट खिडकीच्या भिंतीवर वारा मोजायचं यंत्र बसवायचं, पंचवीसच्या आत असेल तर बोटी चालू. वलणी काढायची. शिट्टी समितीच्या ताब्यात. मावशीने गळ्यातला दोरा सोडला, शिट्टी आबांच्या हातावर ठेवली, पाळीवर गेली आणि दोन्ही गाठी सोडून लुगडं घडी करून काखेत घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, "आता सांजच्याला मला हिकडं कशाला यायचं?" ती रोज संध्याकाळी सहावी बोट घाटाला लागेपर्यंत बसून असायची. त्या वाक्यावरून माझ्या बायकोने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

पुढच्याच रविवारी आबांचे व्याही पेडगावहून आले. त्यांना तलाव दाखवायचा म्हणून आबांनी मोठी, चौघांची बोट काढली. आबा आणि व्याही पुढे पॅडलवर. मी आणि माझी बायको मागे. मला त्यांनी आकड्यांसाठी घेतलं होतं. तिकीट खिडकीवर यंत्र दाखवत होतं सात पूर्णांक चार. मावशी लिंबाखाली तूर पाखडत बसली होती. ती सूप थांबवून म्हणाली, "आबा, त्या खोडाला वळसा घालून येऊन दाखवा."

"व्याह्यासमोर परीक्षा घेता का?" आबा हसले. शिट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

जाताना मजा आली. खोड मागे पडलं आणि बोट अशी सुटली की व्याही म्हणाले, "आबा, पायात दम हाय बरं का!" मी मागे वळून पाळीकडे पाहिलं. पाळीवरच्या बाभळी आडव्या होत होत्या. यंत्र ज्या भिंतीवर होतं ती पाळीच्या आडोशाला आहे, हे मी, पाऊस मोजणाऱ्या माणसाने, तोपर्यंत मनात आणलं नव्हतं. पर्जन्यमापक झाडाखाली ठेवणाऱ्या शिपायाला मी एकदा लेखी समज दिली होती.

"वळवा," मी म्हणालो.

वळवणं सोपं होतं. येणं नव्हतं. वीस मिनिटं दोघांनी पॅडल मारलं. मी फेरे मोजत होतो. सहाशे दहा फेऱ्यांत आम्ही पलीकडच्या काठाच्या आणखी जवळ गेलो. लाटा बाजूने आपटायला लागल्या आणि पायाशी बोटभर पाणी आलं. व्याही रामरक्षा म्हणायला लागले. आबा फोन लावायला उभे राहिले.

तेवढ्यात अगदी शेजारी बसून बोलावं तसा स्पष्ट आवाज आला. "खाली बसा, आबा!"

वारा मावशीकडून आमच्याकडे होता. तिचा शब्द न् शब्द पोचत होता. आमचा एकही तिच्यापर्यंत जात नव्हता.

आबा बसले. खिशातून शिट्टी काढून त्यांनी जीव खाऊन फुंकली. मावशीने कानामागे हात धरला. "काय म्हणायलेत? लिवून पाठवा!" घाटावर लोक हसले, तेही ऐकू आलं. मग तिचा आवाज बदलला. "पायटे मारू नका. वाऱ्यासंगं भांडू नका. मधी बसा, खाली बसा, पट्टे बघा. बदकाला जाऊ द्या पल्याड. मी येते."

"बदकाला जाऊ द्या काय? मी अध्यक्ष हाय!" आबा ओरडले. हे फक्त आम्ही ऐकलं.

माझी बायको म्हणाली, "आबा, मावशी सांगती तसं करा. आन् तुम्ही," हे मला, "मोजणं थांबवा."

आम्ही पाय उचलून घेतले. बोट डुलत डुलत गेली आणि पलीकडच्या काठावर बेशरमाच्या झुडपात घुसून थांबली. हंसाची मान फांद्यांत अडकली. आम्ही कमरेइतक्या चिखलातून काठावर चढलो. व्याह्यांची एक वहाण तलावात राहिली, ती अजून मिळालेली नाही.

वळसा घालून सहा किलोमीटर. मावशी पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून आली. काखेत तेच घडी केलेलं लुगडं. ते तिने माझ्या बायकोच्या अंगावर टाकलं. मग बोट दाखवत आमची मोजणी केली, एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा एकदा, एक, दोन, तीन, चार. मोजणी जुळल्यावर ती ट्रॉलीच्या फळीवर टेकली.

आबांनी सदऱ्याला पुसून शिट्टी पुढे केली. मावशीने ती दोन बोटांत धरून पाहिली.

"उष्टी केलीत का? न्या घरी. उकळून आणून द्या."

आबांनी दुसऱ्या दिवशी ती उकळून, स्टीलच्या डब्यात घालून आणून दिली. वलणी त्याच संध्याकाळी मी बांधली. माझी गाठ तिला पसंत पडली नाही, तिने सोडून पुन्हा मारली. मी वहीतला 'निकाल' हा खाना खोडला आणि त्या जागी लिहिलं: गेल्या किती, आल्या किती.

मागच्या दिवाळीनंतर मावशीचे गुडघे गेले. राणीसावरगावची लेक तिला घेऊन गेली. जायच्या दिवशी तिने शिट्टी माझ्या गळ्यात घातली. इतर दिवशी गटातली संगीता सांभाळणार, रविवारी मी. "गर्दी ऐतवारी असती," ती म्हणाली, "आन् गावच्या जावयाला कुणी उलटून बोलत न्हाई. तुमचा तेवढा तरी उपेग हुंद्या." लुगडं वलणीवरच ठेवलं.

पहिल्याच रविवारी ऊन होतं, आकाश निळं. सहाच्या सहा बोटी पाण्यात होत्या आणि लुगड्याची कड गुडघा सोडून वर यायला लागली. कमरेला लागली की नाही, हे नक्की सांगता येईना. माझ्या हातातलं यंत्र अठरा पूर्णांक सहा म्हणत होतं. मी राणीसावरगावला फोन लावला.

"कुठवर आलंय?" तिने विचारलं.

"गुडघ्याच्या वर. पण कमरेच्या जरा खाली. चार बोटं असेल."

"आन् मला फोन लावायला किती येळ लागला?"

"दोन-तीन मिनिटं. रेंज नव्हती."

"मग आता कुठं हाय?"

मी पाळीकडे पाहिलं. फोन कानाला तसाच ठेवून शिट्टी मारली, पोटातून. बोटी वळल्या. एक गृहस्थ घाटावर उतरता उतरता आभाळाकडे हात करून विचारत होते, का, कशासाठी, किती वारा आहे म्हणता तुम्ही. मी म्हणालो, "आधी उतरा, मग सांगतो." शेवटची बोट घाटाला लागायला बराच वेळ गेला. फोन चालूच होता. पलीकडे मावशीचा श्वास ऐकू येत होता.

"किती गेल्या व्हत्या?"

"सहा."

"आल्या किती?"

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"सहा."

"मग ठिवा फोन," मावशी म्हणाली. "माझा चहा निवायलाय."