बिनदाव्याची जळम्हैस

दाराची कडी वाजली तेव्हा आई तव्यावरची भाकरी उलटत होती आणि अप्पा भस्म लावून पूजेला बसत होते. मी दार उघडलं. बाहेर आमचा सालगडी बब्रुवान. एरवी तो गोठ्याच्या दारानं यायचा, कडी कधी वाजवायचा नाही. आज खांद्यावर घोंगडं होतं आणि हातात काठी. आईनं त्याला बघितलं आणि काय ते ओळखलं. आदल्या दिवशी बाजारात भूमकडचा एक शेळ्यांचा व्यापारी निरोप देऊन गेला होता : बब्रुवानची आई बानूबाई अंथरुणाला खिळलीय, अन्न सुटलंय, सारखा त्याच्या नावाचा धोशा लावलाय.

तो रजा मागायला आला होता. पण आमच्या जळकोटात गड्याचं साल पाडव्याला लागायचं नि पाडव्यालाच सरायचं. मध्ये त्यानं शीव ओलांडायची नाही, असा शिरस्ता. आता तर ज्वारी राखणीला आलेली. त्यातून बब्रुवान एकदा पळालेला. लढाईच्या दिवसांत पहिल्या मालकाचं साल अर्धं टाकून मुंबईच्या गोदीत गेला, आठ महिने पोती वाहिली आणि आपल्या पायांनी परत आला. तो परत आला हे गावात कुणी धरत नसे. गेला होता, एवढंच धरत.

गोदीतून त्यानं काय आणलं, तर एक गोष्ट. एका खलाशाकडून ऐकलेली. दर्याच्या तळाशी माणसं राहतात आणि ती जळम्हैस पाळतात. अंगानं म्हशीएवढी, शिंगं नाहीत, पायांच्या जागी वल्ही, ओठांवर केरसुणीसारखे राठ केस. दूध इतकं दाट की पाण्यात विरत नाही, लोण्यासारखं हातावर घ्यायचं. दोन दगड एकमेकांवर वाजवले की ती धारेला येते. एका जळम्हशीची पाठ आपण स्वतः पाहिली, असंही तो सांगायचा. पुढं कॉलेजात मी प्राण्यांच्या जाड पुस्तकात ती शोधली. नव्हती.

ओसरीवर बंडप्पाकाका चहा पीत बसले होते. एकदा गुलबर्ग्याला जाऊन आल्यापासून त्यांना जगातलं सगळं कळत असे. शेजारी लेव्हीचं सरकारी धान्य वसूल करायला मुक्कामाला आलेले तहसिलीतले पेशकार. निजामाच्या एवढ्या थोरल्या मुलखाला हातभर किनारा नव्हता आणि या दोघांनी नळदुर्गच्या बोरी नदीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. तरी दर्यात काय असतं आणि काय नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आलास का? बरं झालं," काका म्हणाले. "पेशकारसाहेबांना जरा तुझी म्हैस दाखव."

अप्पा पूजा आटोपून आले आणि तेही हसून बसले. गडी कडी वाजवून, घोंगडं घेऊन समोरच्या दारानं का आला, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बब्रुवान उभ्या उभ्या सांगू लागला. काकांनी विचारलं, तिला कडबा लागतो की पेंड. मग विचारलं, म्हैसवाल्या बायका शेणी कुठं वाळवतात. स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. माझे अप्पा एरवी समंजस माणूस. पण पाहुण्यांदेखत त्यांनाही हसायची हौस आली. आई चुलीपासून सगळं ऐकत होती. तिनं एक भाकरी करपवली. तसं तिच्या हातून कधी होत नसे.

"वेसण कसली घालतात रे?" काकांनी विचारलं.

"न्हाय घालत."

"मग दावं तरी?"

"दावं बी न्हाय. बांधली तर मरंल, काका. तिला दमाला वर यावं लागतंय. वरचं वारं घेती आन् पुन्ना खाली जाती."

पेशकार मांडीवर थाप मारून म्हणाले, "रस्सी नहीं तो भागती कायकू नहीं?"

"भागंल कशाला? ठाणं खालीच हाय की तिचं."

तिघंही हसले. असलं अडाणी उत्तर पेशकारांनी अख्ख्या तालुक्यात ऐकलं नव्हतं म्हणे. दाव्याशिवाय जनावर परत येत नाही, हे शहाणपण जगात कुठंही गेलं तरी खरंच, असा निकाल काकांनी दिला. अप्पांनी डोळे पुसले.

"झालं, पुरे. जा आता, बैलं सोड," ते म्हणाले.

बब्रुवान हलला नाही. आईनं फडक्यात चार भाकरी बांधून आणल्या, त्याच्या पायांशी ठेवल्या आणि अप्पांकडं बघत तिथंच उभी राहिली. ओसरीवरचं हसू हळूहळू विरलं.

"अप्पा," बब्रुवान म्हणाला, "माय लई आजारी हाय. मला आठ दिस भूमला जाऊ द्या. म्या परत येतो."