सॅम्युअल अंकलची रेकॉर्ड आणि माझी खंडेनवमी

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. आणि मधेच "अरे, पण तू असं का केलंस?" असं विचारू नका. आमच्या हिने तो प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की त्याला उत्तर असतं, तर एव्हाना सापडलं असतं.

तर मला जॅझच्या रेकॉर्डी जमवायचा नाद आहे. हो हो, जॅझच्या! पाटबंधारे खात्यात फायली सरकवणाऱ्या, इंदिरानगरात दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला हे कुठून चिकटलं, ते मलाही ठाऊक नाही. जुन्या बाजारात एकदा एक रेकॉर्ड दिसली, कव्हर आवडलं म्हणून घेतली. ती वाजवायला मशीन घेतलं. मग मशीन रिकामं कसं ठेवायचं, म्हणून आणखी रेकॉर्डी. नालेसाठी घोडा म्हणतात ना, तसा माझा तबेला झाला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला जॅझमधलं फारसं कळत नाही. पण माझ्या मित्रांना त्याहून कमी कळतं, त्यामुळे आमच्यात मी जाणकार. डोळे मिटायचे, मान डोलवायची, मधेच "आहा" म्हणायचं. एवढ्यावर माझी दहा वर्षं निघाली.

मग एके दिवशी सॅम्युअल अंकल भेटले.

शरणपूर रोडला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माझं मशीन दाखवायला गेलो होतो. तिथे बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. ब्याऐंशी वर्षं वय, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. माझ्या पिशवीतून डोकावणारी रेकॉर्ड पाहिली आणि म्हणाले, "जॅझ ऐकतोस? नाशकात?"

मी म्हटलं, "ऐकतो म्हणजे काय अंकल! जगतो!"

बघा, हे असं माझं तोंड.

अंकल मला हाताला धरून घरी घेऊन गेले. तरुणपणी ते चार वर्षं मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये होते. मग वडील गेले, नाशकाला परत यावं लागलं, शाळेत गणित शिकवलं, संसार केला, संपलं. पण त्या चार वर्षांत बँडची एक रेकॉर्ड निघाली होती. थोड्याच प्रती निघाल्या, त्यातली एक अंकलकडे. कपाटात, साड्यांच्या खाली, बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळलेली.

"दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं," अंकल म्हणाले. "त्यात वीस सेकंद सगळे थांबतात आणि मी एकटा आहे. आयुष्यात तेवढेच वीस सेकंद मी एकटा वाजवलं. माझं मशीन कधीच मोडलं रे. वीस वर्षं झाली, मीही ऐकलेलं नाही. आता वाजवून दाखवावं, तर हात हे असे थरथरतात. तू घेऊन जा. नीट ऐक आणि मला सांग, कसं वाटतंय."

कव्हरच्या मागे बँडमधल्या सगळ्यांची नावं होती. कुणी काय वाजवलं, ते मात्र छापलेलं नव्हतं. अंकलना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण जाणकार माणूस असले प्रश्न विचारतो का?

आता तुम्ही म्हणाल, घरी जाऊन आधी रेकॉर्ड लावली असशील. नाही! माझी सुई झिजली होती, नवी कुरियरने यायची होती. असली अमोल वस्तू झिजलेल्या सुईने वाजवायची? पाप! आणि तेवढ्यात कॅलेंडरकडे लक्ष गेलं. आठवड्यावर दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! लोक त्या दिवशी सोनं घेतात, गाडी घेतात. मी अंकलची रेकॉर्ड ऐकणार. ठरलं! दरम्यान रेकॉर्ड हातात धरून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. सत्तावन्न जणांनी हात जोडले.

सुई खंडेनवमीला सकाळी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हिची शिवणयंत्राची, माझी स्क्रू-ड्रायव्हर आणि स्कूटरची. मला वाटलं, यंदा मशीन आणि रेकॉर्डही पूजेला मांडू. झेंडू आणायला कोपऱ्यावर गेलो. मखमलाबादकडची मावशी टोपली घेऊन बसली होती. "घ्या ना दादा, आत्ताच पानी मारलंय, लय ताजी हायेत." ताजी कसली, पिशवीतून पाणी गळत होतं.

पाटावर रेकॉर्ड मांडली. कव्हरमधून काढून, बरं का! आमची ही म्हणाली, "अहो, कव्हरवर वाहा ना फुलं. आतली कशाला काढता?"

"मंजू, आपण देवाच्या मूर्तीची पूजा करतो की देव्हाऱ्याच्या दाराची?"

ती गप्प बसली. माझ्या बुद्धीवर विश्वास म्हणून नव्हे, सणासुदीला वाद नको म्हणून. मग मी पाची बोटांनी हळद-कुंकू वाहिलं. कुंकवात कालवलेल्या अक्षता टाकल्या. वर झेंडू, मधोमध भोकावर विड्याचं पान आणि सुपारी. डोळे भरून आले हो! आणि आमच्याकडची रीत अशी, की पूजेतलं दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. हलवलं नाही.

दसऱ्याला सकाळी फुलं उचलली. खाली रेकॉर्ड कुठे होती? लाल-पिवळा चिखल होता! कुंकू, हळद आणि झेंडूचं पाणी असं खाचाखाचांत जाऊन वाळलेलं. अक्षता चिकटलेल्या. मी नखाने एक काढली, तर तिच्यासोबत एक बारीक ओरखडाही निघाला.

"धुऊन टाका," ही म्हणाली. "हलक्या हाताने."

धुतली. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. हलक्या हाताने सुरुवात केली, पण कुंकू निघेना. कुंकू निघेना म्हणून हात जड झाला. शेवटी गुलाबी पाणी जायचं थांबलं. आता वाळवायची कुठे? खाचांत ओल राहता कामा नये. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन. तुम्हीच सांगा, मराठी माणूस ओली वस्तू कुठे ठेवतो? गादी असो, गहू असो, कुरडई असो... मी अंकलची रेकॉर्ड गच्चीवर नेली, जुन्या साडीवर ठेवली आणि कावळ्यांनी टोचू नये म्हणून चारी बाजूंना चार चमचे ठेवून खाली आलो.

तासाभराने वर गेलो. रेकॉर्डचा द्रोण झाला होता.

मी जिन्यातच बसलो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने बायकोच्या शालीत जपलेली वस्तू मी एका सणात संपवली. तेव्हाच उठून शरणपूर रोडला जायला हवं होतं, पायावर डोकं ठेवायला हवं होतं. अजून वाटतं, तेव्हाच गेलो असतो तर!

आणि तेवढ्यात फोन वाजला. अंकल!

"काय रे अविनाश, ऐकलंस?"

सरळ सांगायचं होतं. पण ज्या तोंडाने दहा वर्षं "आहा" म्हटलं, ते तोंड आयत्या वेळी माझं ऐकतंय होय?

"ऐकलं म्हणजे! काय वाजवलंय अंकल! तीनदा ऐकलं!"

पलीकडून हळूच, "मधे मी जरा घाई केलीय ना?"

"छे हो! तीच तर मजा आहे!"

"खरं सांगतोस? मला कायम ती टोचणी होती रे. साठ वर्षं वाटत होतं की घाई झाली. बरं, ऐक. शनिवारी माझी नात येतेय पुण्याहून. रूथ. सोमवारी कॅनडाला चाललीय शिकायला. तिला वाटतं आजोबा थापा मारतात, कसला बँड आणि कसलं काय. तू मशीन आणि रेकॉर्ड घेऊन ये. जाण्याआधी एकदा तिला ऐकू दे. मलाही ऐकू दे."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग तीन दिवस ती रेकॉर्ड सरळ करायची माझी खटपट. ग्रुपवर विचारलं, या रेकॉर्डची दुसरी प्रत कुणाकडे आहे का? कुणाकडेच नव्हती. गादीखाली ठेवून वर झोपलो. वरच्या मजल्यावरून पाटा आणून वर ठेवला. द्रोण तसाच. शुक्रवारी संध्याकाळी मी इस्त्री काढली.

ही म्हणाली, "अहो!"

"वरून सुती कापड टाकतोय ना! आणि इस्त्री रेशमीवर ठेवलीय."

आणि काय सांगू, झाली की हो सरळ! टेबलावर ठेवली तर आरशासारखी सपाट. मला इतका आनंद झाला की मी हिला जिलबी आणून दिली. रेकॉर्डबरोबर तिच्या खाचाही सपाट झाल्या असतील, हा विचार माझ्या टाळक्यात शिरलाच नाही. घरी एकदा लावून बघायलाही धीर झाला नाही.

शनिवारी अंकलकडे गेलो. अंकलनी टाय लावला होता. समजतंय का तुम्हाला? घरातल्या घरात, टाय! टेबलावर केक होता. रूथ चोवीस-पंचवीस वर्षांची, हुशार डोळ्यांची पोरगी. आजोबांचा चेहरा टिपायला हातात मोबाइल धरून तयार.

मी मशीन लावलं. दुसरी बाजू वर केली. सुई अलगद टेकवली.

सुर्रर्र! सुई बर्फावरून घसरावी तशी कडेवरून निघाली ती थेट मधल्या लेबलावर जाऊन थांबली. अख्खी बाजू चार सेकंदांत संपली.

"झालं?" रूथने विचारलं.

मी पुन्हा टेकवली. पुन्हा सुर्रर्र.

मग मी सगळं सांगितलं. हळद-कुंकू, झेंडू, साबण, गच्ची, इस्त्री. एकेक शब्द सांगताना मला माझीच किळस येत होती. रूथ आधी हसली, मग तिने आजोबांकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. अंकलनी रेकॉर्ड हातात घेतली. भोकाच्या कडेला अजून थोडं कुंकू होतं, त्यावरून अंगठा फिरवला.

"पूजा केलीस?" ते म्हणाले. "तेव्हा आमच्या बँडला हॉटेलवाला मागच्या दाराने आत घ्यायचा रे. पूजा कुणी केली नव्हती."

रागावले असते तर बरं झालं असतं. दोन कानाखाली दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते रागावले नाहीत, तेच मला आजवर पचलेलं नाही.

मी म्हटलं, "अंकल, माफ करा. मी कशी भरपाई करू तेच..."

"असू दे, असू दे. रेकॉर्ड गेली तर गेली. तू ऐकलंयस ना? तीनदा ऐकलंयस." त्यांनी माझा हात धरला. "रूथ, हा जाणकार माणूस आहे. याने ऐकलंय. अविनाश, तूच तिला म्हणून दाखव. त्या वीस सेकंदांत मी काय वाजवलं होतं, ते दाखव. साधारण असू दे."

रूथने मोबाइल माझ्याकडे वळवला. "हां काका, दाखवा ना. मला तेवढं तरी घेऊन जाऊ दे."

आता बोला! दहा-बारा दिवस रेकॉर्ड घरात होती. मी तिचा फोटो काढला, पूजा केली, धुतली, वाळवली, इस्त्री केली. ऐकली तेवढी नाही! हे तेव्हाही सांगता आलं असतं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण समोर अंकल टाय सारखा करून, मान पुढे काढून बसले होते, साठ वर्षांपूर्वीच्या स्वतःला ऐकायला. माझ्याच्याने नाही झालं.

मी विचार केला, जॅझ म्हटलं की ट्रम्पेट. दुसरं काय असणार? डोळे मिटले. गाल फुगवले. दोन्ही हातांची ट्रम्पेट तोंडासमोर धरली. आणि "पँ-पँपँ-पँऽऽऽ" करत सूर चढवला, उतरवला, मधे जराशी घाईसुद्धा केली. शेवटी मान मागे टाकून असा काही लांब सूर लावला की शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं.

डोळे उघडले. अंकल माझ्याकडे बघत होते. मग माझा खांदा थोपटला आणि हळू आवाजात म्हणाले, "छान रे. पण मी ड्रम वाजवायचो."

मी मशीन तिथेच ठेवून आलो. अंकलना भेटायला जातो अधूनमधून, ते चहा पाजतात, त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढत नाहीत. रूथ कॅनडाला गेली. जाताना तो व्हिडिओ घेऊन गेली. म्हणजे सॅम्युअल अंकलच्या त्या वीस सेकंदांचं आता जगात एकच रेकॉर्डिंग उरलंय, आणि त्यात मी आहे, गाल फुगवून.