उंदराच्या मेंदूची मोजणी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चहाला बसलं की एक आठवतो आणि त्याला धरून दुसरा येतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, ते इतके साठलेत की शिकवता शिकवता मला मध्येच हसू येतं.

आधी काम सांगते. उंदराच्या मेंदूत त्याला जागं ठेवणाऱ्या मूठभर पेशी असतात. त्यांना निरोप कुठून कुठून येतात, ते शोधायचं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या पेशींमध्ये खास तयार केलेला विषाणू सोडतात. तो उलटा चालतो, निरोप घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे, आणि एकच पायरी मागे जाऊन थांबतो. जिथे पोचला ती पेशी लाल चमकते. मग मेंदूचे पातळ काप करून त्यांचे फोटो आमच्याकडे येतात. मेंदूच्या नकाशाशी ताडून कुठल्या भागात किती लाल ठिपके, ते आम्ही लिहायचं. आम्ही म्हणजे मी, एमएस्सी झालेली शिवलीला आणि जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले सोपानअण्णा.

* * *

अण्णांना मीच बोलावलं. नकाशा वाचणारा माणूस हवा होता, आणि दिंद्रुडपासून कड्यापर्यंत अख्ख्या जिल्ह्याचे बांध मोजत फिरलेला दुसरा कोण मिळणार? पहिल्या दिवशी त्यांनी मेंदूचा नकाशा दहा मिनिटं न्याहाळला. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, ह्याला उत्तर दिशा कावून न्हाई?"

उंदराचं नाक ती उत्तर, असं तेव्हा ठरलं. आमच्या खोलीत ते आजही तसंच आहे.

* * *

संस्थेचे अध्यक्ष एकदा बघायला आले. राजकारणातला माणूस, त्यामुळे कुणाचा निरोप कुणाला जातो यात त्यांना भलताच रस! मी सांगितलं, भूक लागली, भीती वाटली, उजेड झाला, सगळ्याचा निरोप या पेशींकडे येतो.

"मंजी समदी खाती इथंच येऊन बसत्यात," ते म्हणाले. "ह्या पेशी तर पालकमंत्रीच हायत की!"

* * *

शिवलीलाच्या वडिलांचं किराणा दुकान. पोरगी दिवसभर लाल ठिपके मोजते म्हणजे नेमकं काय करते, हे बघायला तेही आले. सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ह्याला गिऱ्हाईक कोण? शिवलीला म्हणाली, ज्यांना झोप येत नाही ते, आणि ज्यांची झोप जात नाही तेसुद्धा.

"मग माल पडून न्हाई राहायचा," म्हणून ते समाधानाने दुकानावर गेले.

* * *

आता आमची फजिती. पहिला तक्ता पुण्याला गेला आणि तासाभरात तिथल्या मॅडमचा फोन आला. एका भागात साडेचौदा पेशी कशा? मी फोन न ठेवताच वळले. अण्णांना विचारलं, तर ते बिनधास्त.

"बांधावरचं झाड दोघांचं आसतंय. आर्धं हिकडं, आर्धं तिकडं लावलं."

पुण्याच्या मॅडम हसल्या नाहीत. पुढचा मेंदू आम्ही आणि त्यांची माणसं वेगवेगळा मोजणार, आकडे जुळले नाहीत तर काम दुसरीकडे जाणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शिवलीलाचा चेहरा पडला. मलाही फार लागलं, कारण हे काम इथं आणायला मी वर्षभर पुण्याच्या खेपा घातल्या होत्या.

* * *

परीक्षेचा मेंदू आला. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी हात वर केले. मोजणीची साखळी टाकण्याआधी हद्दीच्या तीन जुन्या खुणा जुळल्या पाहिजेत, ही त्यांची नोकरीतली सवय. प्रत्येक कापात ते तीन ठळक पोकळ्या आणि कडा आधी नकाशाशी जुळवून बघत. उजवीकडे जुळत होत्या, डावीकडे नाही. मी म्हटलं, अण्णा, पुण्याने मोजायला घेतलंय, आपणही मोजू या.

"हद्द जुळंना तवर मी मोजत नसतोय."

तक्ता कोराच गेला. त्याला अण्णांनी आपल्या हाताने लिहिलेला कागद जोडला: 'हद्दीच्या खुणा जुळत नाहीत. मोजणी तहकूब. लगतच्या खातेदारांनी समक्ष हजर राहावे.' तो मी थांबवायला हवा होता, पण शिवलीलाने तोवर पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडम स्वतः दारात! मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. अण्णांनी एकेक काप लावून खुणा दाखवल्या. सातव्या कापाला मॅडमनी फोन काढला आणि आपल्या लोकांना सांगितलं, मोजणी थांबवा, काप करताना पातं तिरकं लागलंय, आपले डावीकडचे सगळे ठिपके शेजारच्या भागात गेलेत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यापुढचे सगळे मेंदू आधी इथे येतील."

शिवलीलाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

अण्णांनी मात्र हजेरीचा एक कागद पुढे सरकवला. मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, पर्समधून पेन काढलं आणि 'लगतचे खातेदार' या शब्दांसमोर सही केली.

अण्णांनी कागद उजेडात धरून बघितला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"मॅडम, तारीख राहिली."