सिग्नलनानांचं ओव्हर

समोरच्याचं वाक्य पुरतं संपल्याशिवाय सिग्नलनाना तोंड उघडत नसत. सगळी नोकरी फौजेत वायरलेसवर काढलेली. निवृत्त होऊन कडेगावात आले तरी ती शिस्त गेली नाही. भावकीच्या बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले की ते सरळ उठून घरी जात. "लाइन एक आणि बोलणारी धा. कुणाचं ऐकू यायचं?" म्हणत.

मी जर्मनीत नोकरीला आलो आणि आई घरी एकटी उरली. दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं, पण आवाज असा यायचा की डोकं उठावं. माझेच शब्द मला परत ऐकू येत आणि आईचे निम्मे गिळले जात. आईनं शेजारच्या नानांना बोलावलं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आतल्या खोलीत नेला, पंखा बंद करायला लावला, स्पीकर काढून आईच्या कानाला हेडफोन चढवला आणि वायफायचा नाद सोडून थेट वायर ओढली.

तरी आम्ही मायलेक एकमेकांच्या बोलण्यात बोलायचोच. मग नानांनी फौजेतला नियम घातला. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, ते ऐकल्याशिवाय दुसऱ्यानं बोलायचं नाही. आई पदर सावरून म्हणायची, "जेवलास का? ओव्हर." मला हसू यायचं. पण आवाज स्वच्छ झाला आणि तिथंच माझी पंचाईत झाली. पुढचा प्रश्न ठरलेला असे. "गावाकडं कवा येतोस? ओव्हर." मग ती गप्प बसून वाट बघायची.

मला जायचंच नव्हतं. तिथली ती खोली, ती एकटी आई, काहीच बघायचं नव्हतं. सुट्टीची कारणं संपली तेव्हा मी म्हणायला लागलो, "आई, आवाज तुटतोय." आणि बंद करायचो. ती बिचारी पुन्हा नानांकडे जायची.

तिसऱ्या खेपेला आई चहा टाकायला गेली असताना नाना स्क्रीनसमोर बसले. मला एक ते दहा मोजायला लावलं. मग म्हणाले, "मशीनमधी काय खोट न्हाई, गड्या. वहिनीला सांगतो, वायर खराब हाय. उभ्या जल्मात खोटा निरोप दिला न्हवता मी. ओव्हर."

मी ओव्हर न म्हणताच बंद केलं. त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. मला त्यांचाच राग यायचा, हे आणखी वाईट.

मागच्या महिन्यात नाना गेले. आईनंच रविवारी सांगितलं. फार सरळ माणूस होता, असं मी म्हणालो.

"व्हय," आई म्हणाली. "तुझ्यापायी एकदाच खोटं बोलले. म्हणले, वायर खराब हाय. आदल्याच दिवशी आमी दोघांनी नवी टाकली व्हती. खोटं बोलायची सवय न्हवती त्यांना."

आवाज अगदी स्वच्छ येत होता. ती ओव्हर म्हणाली नव्हती, म्हणून मी नियमानं थांबलो. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कवा येतोस हे न विचारताच उठून गेली.