निम्मं भाडं आणि वडिलांचा वस्तरा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खुर्चीचं सलून आहे. ते चालवणाऱ्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो तेवढा एकच शब्द ऐकवतो. सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांना हाताला धरून मीच तिथं नेते आणि दाढी होईपर्यंत बाकावर बसते.

दुकानासमोरच्या बसथांब्यावर एका विमान कंपनीची जाहिरात लागली होती. ‘भाडं निम्मं!’ खुर्चीमागे उभं राहिलं की ती त्याला आरशात उलटी दिसायची. मोठी अक्षरं उलटीसुद्धा वाचता येत. तळाची मुंगीएवढी अक्षरं थांब्यावर जाऊन सुलटी पाहिली तरी वाचता येत नसत.

त्याचा थोरला भाऊ दूरच्या शहरात घशाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. दोघंही वडिलांच्या हाताखाली शिकलेले. वडिलांनी त्यांचा हात एकमेकांच्या गालांवरच बसवला, स्वतःच्या जुन्या वस्तऱ्यानं. तेव्हापासून स्वतःची दाढी स्वतः करायची नाही, एकमेकांची करायची, ही दोघांची रीत. लांब गेल्यावर थोरल्याला ती मोडावी लागली होती. पण आजारपणात त्यानं हट्ट धरला. इस्पितळातल्या माणसाला तो गालाला हात लावू देईना. फोनवर घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तू ये. बाबांचा वस्तरा आण. मग मी माणसात येईन.”

रेल्वेनं पोचेपर्यंत तो राहील की नाही, याची खात्री नव्हती. सावकाशनं पहिल्यांदाच घाई केली. मुलीला दुकानात बोलावून तिच्या मोबाइलवर तिकीट काढायला बसवलं. त्या दिवशी खुर्चीत सासरे होते.

“बाबा, हे वाढतंय,” मुलगी म्हणाली.

“काय वाढतंय?”

“भाडं. आता बसायच्या जागेचे वेगळे म्हणतात. आणि हे सेवाशुल्क.”

“कसली सेवा?”

“तिकीट मीच काढतेय ना, त्याची.”

सासरे साबणाच्या फेसातून म्हणाले, “अरे, पण निम्मं कशाच्या निम्मं?”

“ते त्यांनी आधी दुप्पट लिहून वर रेघ मारलीय, आजोबा.”

सावकाश हसला. “मीही पाटी लावतो, अण्णा. दाढी निम्म्या दरात. साबण, पाणी, खुर्ची वेगळी. आणि अर्ध्यात उठायचं असेल तर त्याचे वेगळे.”

आम्हीही हसलो. तिकीट निघालं ते जवळजवळ पुऱ्या भाड्यालाच. त्यात सामान घालायचं का, असं शेवटी विचारलं होतं. एक हातातली पिशवी तर न्यायची, म्हणून मुलीनं ‘नको’ दाबलं.

पुढचं त्यानं मला परत आल्यावर सांगितलं.

मुलगी त्याला विमानतळाच्या दाराशी सोडून कामावर गेली. तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली. शिपायानं विचारलं, “हे काय?”

“वस्तरा,” हा म्हणाला. कंगवा म्हणावं तसं. कामाची वस्तू कुणाच्या हाती द्यायची नाही, हे त्याला लहानपणीच अंगवळणी पाडलेलं. त्यानं कुणाला इजा होईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“आत नेता येणार नाही, काका. सामानात टाका, नाहीतर इथं टाका.”

सामानाच्या खिडकीवर गेला. तिथल्या मुलीनं आकडा सांगितला. आधी सांगितलं असतं तर कमी पडलं असतं, म्हणाली. आत्ता मात्र तिकिटाहून जास्त.

“एवढासा वस्तरा आहे गं.”

“वस्तूचं नाही काका, नगाचं असतं. लवकर सांगा, खिडकी बंद होतेय.”

खिशात पैसे होते. पण ते भावाच्या औषधांसाठी नातेवाइकांकडून गोळा केलेले. त्यानं आपल्या मुलीला फोन लावला, तिनं उचलला नाही. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी म्हणालं, “आटपा हो.”

तो परत तपासणीकडे गेला. तिथं काचेची पेटी होती. आत कात्र्या, नेलकटर, एक स्क्रूड्रायव्हर. वस्तरा नीट मिटून त्यानं वरून सोडला.

इस्पितळात पोचला तेव्हा भाऊ जागा होता. याचा आवाज ऐकताच त्यानं पांघरुणातून हात काढून तळवा पुढे केला. वस्तऱ्याची शिंगाची मूठ त्याला नुसत्या स्पर्शानं ओळखू यायची. याच्या हातात इस्पितळाचा प्लास्टिकचा रेझर.

“बाबांचा?”

“घरी विसरलो, दादा. घाईत.”

थोरल्यानं हात मागे घेतला. “राहू दे मग,” म्हणाला आणि भिंतीकडे वळला. औषधं आली, चालूही झाली. दाढीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. गेला तेव्हा ती चांगलीच वाढलेली होती. मग ती सावकाशनंच केली, त्याच रेझरनं. थंड गालावर पातं अडकत होतं, एवढंच त्यानं सांगितलं.

काल सासऱ्यांच्या दाढीला गेलो होतो. थांब्यावर नवी जाहिरात आहे, आता भाडं तिसऱ्या हिश्शात. सावकाशनं आरशाच्या त्या बाजूला कॅलेंडर टांगलंय. माझी लेक दूर शिकते. सुट्टीत तिला आणायचं तिकीट मीही बघतेय आणि ‘सामान घालायचं का’ या शेवटच्या पानावर अडकलेय. तसं मी त्याला म्हटलं. तो ऐकतोय असं वाटलं नाही.

“आपला धाकटा बाबांचा वस्तरा विसरतो, असं समजून गेला तो,” तो म्हणाला.

“मग खरं का नाही सांगितलंत?”

त्यानं सासऱ्यांची हनुवटी उचलली आणि गळ्यावरून पातं फिरवलं, सावकाश.

“पैसे खिशात होते, ताई. खरं सांगितलं असतं तर तेही सांगावं लागलं असतं.”