जस्ताची कडी

झिलईकाकांनी वर्षभर जस्ताचं काम घेतलं नव्हतं. क्रोमच्या झिलईला पितळी नळ घेतले, लोखंडी बंपर घेतले. जस्ताचा ओतीव भाग घेऊन कुणी दारात आलं की ते हात जोडत.

"जस्ताचं खातं आमच्या हिच्याकडे होतं. ते बंद झालं."

लोक आधी हसत, मग त्यांना काकू गेल्याचं आठवे.

तीस वर्षं कारखाना दोघांचा होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे टाक्या आणि काका, मागे टेबल आणि काकू. जुन्या गाड्यांच्या दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी जस्ताच्या असतात. वरचा क्रोम फुगतो, खाली खड्डे पडतात. मग जुना थर आम्लात उतरवायचा, खड्डे कोरायचे, तांब्याचा थर देऊन ते डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, भरायचे. पुन्हा तांबं, त्यावर निकेल, शेवटी क्रोम. पितळ आम्लात तासभर विसरलं तरी बिघडत नाही. जस्ताला मात्र आम्ल खाऊन टाकतं. म्हणून काकू मागून घड्याळ बघत आणि हाक मारत, "अहो, काढा!" काका काढत. तीस वर्षांत त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.

मुलगा दूरच्या शहरात होता. दर रविवारी फोनवर त्याचं एकच. "बाबा, कुलूप लावा आणि इकडे या. भिंतींशी किती बोलाल?"

"भिंती उलट बोलत नाहीत," एका रविवारी काका म्हणाले. मग थांबून म्हणाले, "जस्ताचं एक काम एकट्याने करून बघतो. नाही जमलं तर येतो."

त्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर आले. वडिलांच्या गाडीच्या दिव्याची कडी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"तान्ह्या बाळासारखी आणलीत की!"

"दुसरी मिळत नाही हो. चार वर्षं शोधतोय."

काकांनी कडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आम्लात सोडली, हात धुतले आणि एक बंपर घासायला घेतला. टाकी फसफसत होती. काका घासत होते. बंपरचं एक टोक झालं, दुसरं झालं. आपण कशाची तरी वाट बघतोय असं त्यांना वाटत होतं. कशाची, ते फसफस वाढली तेव्हा कळलं.

कडी बाहेर आली. एका बाजूची बोटभर कड गेली होती. उंदराने भाकरी कुरतडावी तशी.

ते बराच वेळ तिच्यावर पाणी ओतत राहिले. मग कडी घेऊन मागच्या खोलीत गेले. टेबलावर वर्षाची धूळ होती. ती पुसली.

तांब्याचा थर देऊन त्यांनी गेलेल्या जागी डाख चढवायला घेतला. हत्यार जास्त तापलं तर खालचं जस्तच वितळणार, कमी तापलं तर डाख धरणार नाही. पहिला गळून पडला. दुसराही. काकू हे काम करताना मध्येच थांबून डोळे मिटत, बोट फिरवत. ते नखरे वाटत काकांना. आता त्यांनीही डोळे मिटले. बोटाला लगेच खळगा लागला. नऊ दिवस ते त्या टेबलाशी बसले.

मास्तर आले तेव्हा कडीत त्यांचं तोंड दिसत होतं.

"आधी ऐका," काका म्हणाले. "ही मी खाल्ली होती. आम्लात राहिली. इतकी कड माझी आहे, मूळची नाही. नको असेल तर सांगा."

मास्तरांनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"कुठे?"

काकांनी दाखवलं.

"बोलला नसतात तर मला मेलं काही कळलं नसतं!"

"हिला कळलं असतं."

मास्तरांनी टॉवेल उलगडला, कडी गुंडाळली. जाताना म्हणाले, "दुसऱ्या दिव्याची पण आणतो."

रविवारी फोन आला.

"काय झालं त्या कामाचं?"

"जमलं."

पलीकडे थोडा वेळ नातीचा आवाज येत राहिला. काका तो ऐकत होते.

"बरं झालं," मुलगा म्हणाला. "म्हणजे... तुमच्यासाठी कॉट आणून ठेवली होती. ती परत देऊ?"

काकांनी मोकळ्या हाताने टेबलाची कड चाचपली.

"दे," ते म्हणाले.